पटाश्या मोठ्या बॅगेत टाक

सायले,

काल रात्री काकूंचा फोन आला होता. चांगला तासभर चालला. "तूच सांग बाई तिला काहीतरी, तुझं ऐकते ती." काय सांगू म्हटलं, जा म्हणून की जाऊ नको म्हणून? त्यावर काकू जरा वेळ गप्प बसल्या, आणि मग म्हणाल्या, तिकडे थंडीत पायमोजे किती जोड लागतात ते तिला कळव. म्हणजे आतून त्यांचं ठरलंय, बरं का. फक्त रडून व्हायचंय अजून. तर पायमोजे सहा जोड, लोकरीचे. आता बाकीचं.

तुझा मेल दोनदा वाचला. "सहा महिन्यांत एक छोटं हार्पसिकॉर्ड स्वतः बनवून येईन" असं तू लिहिलंयस. ते वाक्य आधी खोड. बेल्जियममध्ये इंटर्नशिपला 'स्टाझ' म्हणतात, आणि स्टाझवर आलेल्या पोरीच्या हातात कुणी अख्खं वाद्य देत नाही. माझे बास (इथे मालकाला, वस्तादाला, सगळ्यांना बासच म्हणतात) तीस वर्षं हे काम करतायत, आणि त्यांच्या हातून वर्षाला तीन वाद्यं बाहेर पडली तर ते वर्ष चांगलं गेलं म्हणायचं. तू जॅक करशील. मग आणखी जॅक करशील. नंतर जॅकच्या जिभा. दोन कीबोर्डांचं फ्रेंच धर्तीचं मोठं वाद्य घेतलं तर 61 स्वर आणि तारांचे तीन संच, म्हणजे एकशे त्र्याऐंशी जॅक. पापड लाटायला बसल्यासारखं आहे ते. शंभरावा पापड पहिल्यासारखाच गोल यायला हवा, आणि तुला आठवतंय ना, तू वाळवणाच्या वेळी कशी पळून जायचीस.

काकूंना हे वाचून दाखवशील तेव्हा त्यांच्यासाठी सांगते. हार्पसिकॉर्ड दिसायला पियानोचं भावंड. पण पियानोत हातोडी तारेवर आपटते, आणि इथे तार छेडली जाते, आपल्या सतारीसारखी. पट्टी दाबली की तिच्या मागच्या टोकावर उभी असलेली एक चपटी लाकडी काडी वर उचलली जाते. वीतभर लांब, सेंटिमीटरभर रुंद. तोच जॅक. त्याच्या डोक्याकडे खाच, खाचेत खिळीवर हलणारी बारीकशी जीभ, आणि त्या जिभेतून आडवं बाहेर आलेलं पिसाच्या दांडीचं टोक. वर जाताना ते टोक तार छेडतं. खाली येताना जीभ मागे झुकते, टोक तारेखालून अलगद निसटतं, आणि पाठीमागे लावलेला डुकराचा राठ केस जिभेला पुन्हा जागेवर ढकलतो. वर लोकरी कापडाचा तुकडा असतो, तो तारेवर बसला की आवाज बंद. एवढंच. सहाशे वर्षांपूर्वी ज्याला कुणाला हे जमलं त्याला नमस्कार करावासा वाटतो.

पिसं कावळ्याची. डोमकावळ्याची तर उत्तमच. पितृपक्षात घास ठेवून "काव काव" करणाऱ्या घरातली मी, आणि पहिल्या आठवड्यात बासांनी पुढ्यात काळ्या पिसांचा डबा ठेवला तेव्हा काय वाटलं ते सांगत नाही. आजीला कळवलंच नाही. आता कळवायचा विषय निघालाच आहे तर ऐक: ह्या धंद्यात जुन्या पांढऱ्या पट्ट्यांवर गुराच्या हाडाच्या चकत्या असतात, सरस कातड्या-हाडांचा असतो, जॅकच्या मागे डुकराचा केस असतो. तू अंडंसुद्धा खात नाहीस. खाणं वेगळं आणि हाताळणं वेगळं असं मी स्वतःला समजावलं, मला ते पटलं. तुला पटेलच असं नाही. पण ते इथे येऊन कळण्यापेक्षा मिरजेत बसून ठरव. बरेच कारागीर आता पिसाऐवजी डेलरिन नावाचं प्लॅस्टिक वापरतात, केसाऐवजीही प्लॅस्टिकचा धागा घालतात. तुझ्या कार्यशाळेत काय आहे ते सरळ विचार. विचारलं म्हणून इथे कुणाला राग येत नाही. न विचारता तोंड वाकडं केलं की येतो.

आता जे मला कुणी सांगितलं नव्हतं ते सांगते. हार्पसिकॉर्डची पट्टी जोरात मारा की हळू, आवाज जवळजवळ तेवढाच. वाजवणाऱ्याच्या हातात तो लहानमोठा करणं नाही. म्हणजे स्वर किती गोल, किती कडक, तारेपासून सुटताना 'टक्' करतो की 'टङ्', हे सगळं त्या पिसाच्या चार मिलिमीटर टोकावर, म्हणजे ते कापणाऱ्यावर. इथे ह्या कामाला इंटोनेरन म्हणतात. मी मनातल्या मनात त्याला जवारीच म्हणते. तानपुऱ्याच्या घोडीवर कानस फिरवताना जसं एक घास जास्त गेला की स्वर मेला, तसंच इथे. टोक तारेच्या पलीकडे केसभर आलं पाहिजे. नरम करायचं तर खालच्या अंगाने तासायचं, वरून कधीही नाही. आणि तासताना सुरी स्वतःपासून दूर.

माझा पहिला संच ऐक. छोटं फ्लेमिश वाद्य होतं, 45 स्वरांचं. बासांनी अर्धा मिलिमीटर जाडीची डेलरिनची पट्टी दिली आणि म्हणाले, काप. मी इंजिनिअरिंगची पदविका घेतलेली, मी कॅलिपर काढलं. पंचेचाळीसच्या पंचेचाळीस टोकं दशांश मिलिमीटरपर्यंत सारखी कापली. संध्याकाळी बसवून वाजवलं. दात पडलेल्या माणसाने पाढे म्हणावेत तसं ऐकू आलं. एक स्वर ओरडतोय, त्याच्या शेजारचा पुटपुटतोय, तिसरा गायबच. बास काही बोलले नाहीत. त्यांनी माझं कॅलिपर उचलून खिडकीत ठेवलं आणि घरी गेले. तारांच्या लांब्या वेगळ्या, जाड्या वेगळ्या, प्रत्येक तार पिसाला वेगळं उत्तर देते. मापं सारखी ठेवली की आवाज सारखे येणार कसे? मी मिरजेची, जवारीवाल्याच्या उंबऱ्यावर बसून लहानाची मोठी झालेली, आणि हे मला परक्या मुलखात कॅलिपर खिडकीत गेल्यावर कळलं. पुढचे तीन दिवस मी कानाने कापत बसले. चौदाव्या स्वराला पाऊण मिलिमीटर जास्त गेलं. कापलेलं परत जोडता येत नाही, म्हणून ते फेकून नवं. मग विसाव्याला. नवं. त्या आठवड्यात टोपलीत पडलेल्या तुकड्यांची संख्या मी अजून कुणाला सांगितलेली नाही.

आणि सरस. त्याचंही सांगून टाकते, नाहीतर तूही तेच करशील. सरसाचे दाणे पाण्यात भिजवून डबा गरम पाण्यात ठेवायचा, साठ अंशांच्या आसपास. उकळू द्यायचा नाही. उकळला की त्याची ताकद जाते, आणि वाईट म्हणजे दिसायला तो तसाच दिसतो. मी चहा ठेवल्यासारखा ठेवला आणि फोनवर बोलत बसले. त्या सरसाने चिकटवलेल्या पट्ट्या दुसऱ्या दिवशी नखाने निघाल्या. वास मात्र तीन दिवस केसात राहिला. (केस घट्ट बांधायचे. ओढणी, सैल बाह्या, बांगड्या, काही नको. बँडसॉला माया नसते.)

तुझ्या बाबांचा एक प्रश्न मला पटतो: वाद्य बनवायचंच शिकायचं तर मिरजेत काय कमी आहे? फरीदसाहेब शिकलगारांपासून, म्हणजे दीडशेहून जास्त वर्षं, तिथे घराघरात तंतुवाद्यं होतायत. हत्यारांना धार लावणारे हात तारांकडे वळले आणि तेव्हापासून काम खंडलेलं नाही. आजा, बाप, मुलगा. भोपळा कुठला घ्यायचा, तबली किती तासायची, हे तिथे कुणी वहीत लिहीत नाही, कारण विचारायला माणूस शेजारी बसलेला असतो. मीही खरं तर तिथेच बसणार होते. घरी म्हणाले, मुलीची जात, भुश्यात कुठे बसतेस. पुढे मी सातासमुद्रापार भुश्यातच बसले, ते वेगळं.

पण तू जिथे चाललीयस तिथली गोष्ट उलटी आहे, आणि ही उलटी गोष्ट समजली तर तिथलं निम्मं वागणं समजेल. अँटवर्पमध्ये हान्स रुकर्स 1579 साली सेंट ल्यूकच्या गिल्डात वस्ताद म्हणून दाखल झाला. ते गिल्ड चित्रकारांचं. वाद्यं रंगवलेली असत म्हणून वाद्यवाले चित्रकारांच्या पंगतीत. त्याची मुलं, नातवंडं, सगळी त्याच धंद्यात. रुकर्सच्या वाद्यांची तबली बघशील तेव्हा हसशील: फुलं, पाखरं, फुलपाखरं आणि मध्येच एक कोळंबी. अठराव्या शतकात पॅरिसच्या कारागिरांनी ही जुनी वाद्यं उघडून, रुंद करून, पट्ट्या वाढवून नवी केली. रुकर्सच्या नावाला एवढा भाव आला की खोटे रुकर्सही बाजारात आले. आणि मग पियानो. 1800च्या आसपास हार्पसिकॉर्डचा धंदा बसला तो बसलाच. कार्यशाळा बंद पडल्या, माहीतगार म्हातारे गेले. काही वाद्यं माळ्यावर, काही संग्रहालयात, काही चुलीत.

शंभर वर्षांनी इंग्लंडमध्ये आर्नल्ड डॉलमेच नावाच्या माणसाने पुन्हा हात घातला. 1896 साली त्याचं हिरवं हार्पसिकॉर्ड लंडनच्या प्रदर्शनात ठेवलं होतं. तोवर विचारायला कुणी उरलं नव्हतं. म्हणून मधल्या काळात लोकांनी पियानोच्या अकलेने हार्पसिकॉर्डं बांधली. वांडा लांडोव्स्का ज्यावर वाजवायची ते प्लेयेल कंपनीचं वाद्य बघ, आत चक्क लोखंडी चौकट. दणकट, जड, आणि माझ्या कानाला तरी कपाटात कोंडल्यासारखं. मग फ्रँक हबर्ड आला. हार्वर्डला इंग्रजी साहित्य शिकत होता, ते सोडून 1947 साली इंग्लंडला आला, डॉलमेचच्या कार्यशाळेत उमेदवारी करायला. हवं होतं ते तिथे फारसं मिळालं नाही, तर लंडनला ह्यू गॉफकडे गेला, आणि संग्रहालयांतून जुनी वाद्यं मोजत हिंडला. 1949 साली बॉस्टनला परत जाऊन विल्यम डाउडबरोबर स्वतःची कार्यशाळा काढली. आज तू ज्या पद्धतीने शिकणार आहेस, म्हणजे जुन्या वाद्यालाच वस्ताद मानायचं, ती रूढ करणाऱ्यांत हा माणूस अगदी पुढचा.

म्हणजे बघ, इथला प्रत्येक बास कुणाचा तरी उमेदवार होता, पण त्या माळेत वरवर चढत गेलीस की शंभर वर्षांची भेग लागते. तिच्या पलीकडचं फक्त लाकडात लिहिलेलं. म्हणून हे लोक जुन्या वाद्याच्या पोटात टॉर्च घालून तासन्‌तास बघत बसतात. पहिल्यांदा मला वेडगळ वाटलं. मग एकदा दुरुस्तीला आलेल्या एका जुन्या वाद्याचा तळ काढलेला होता आणि बासांनी मला आरसा धरायला लावला. आतल्या अंगाला टोच्याने ओढलेल्या रेघा, कुठली आडपट्टी कुठे बसवायची त्याच्या. एका ठिकाणी रेघ चुकलेली, आणि बोटभर शेजारी पुन्हा ओढलेली. रंध्याचे ओरखडे तसेच, घासून गुळगुळीत केलेले नाहीत, कारण आत कोण बघणार? चारशे वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी पोऱ्याने चूक केली, आणि तिथेच सुधारली. मला एकदम बरं वाटलं. तू संधी मिळेल तेव्हा आरसा धरायला पुढे हो. जॅक करताना हात तयार होतो, पण डोळा ह्याच कामात तयार होतो, आणि हे काम कुणी 'शिकवतो' म्हणून सांगत नाही. सुट्टीच्या दिवशी ब्रसेल्सच्या वाद्यसंग्रहालयात जा. पाट्या वाचू नकोस, वाकून खालून बघ.

नक्कल की अस्सल हा वाद तुला जेवणाच्या सुट्टीत रोज ऐकावा लागेल. त्यावर एक किस्सा सांगते, मग तुझं तू ठरव. ब्रेमेनचे मार्टिन स्कोव्रोनेक ह्या धंद्यातले फार मोठे वस्ताद. त्यांनी 1984 साली हार्पसिकॉर्डवादक गुस्टाव लेओनहार्टसाठी एक वाद्य केलं आणि त्यावर नाव घातलं निकोला लेफेव्र, रुआँ, 1755. जुनं वाटेल असं, आतपर्यंत. जाणत्या लोकांनी ते जुनं मानलं. पुढे 2002 साली स्कोव्रोनेकनी स्वतःच लेख लिहून सगळं उघड केलं. फसवायचं नव्हतं म्हणाले, जुन्या माणसासारखं काम करता येतं का ते बघायचं होतं. आमचे बास हा किस्सा सांगताना खूश होतात. मला दर वेळी थोडं अस्वस्थ व्हायला होतं.

आता तुझ्या बाजूचं एक. तुला वाटतंय की तुला तिथलं काही येत नाही. नोटेशन कच्चं, बाख वाजवता येत नाही. नको येऊ दे. पहिल्या महिन्यात तुला कुणीतरी सूर लावायला शिकवेल. वाद्य बहुधा 415 हर्ट्झला असेल, आजच्या 440पेक्षा अर्धा स्वर खाली. त्याचं काही नाही, आपण तर गाणाऱ्याप्रमाणे पट्टी बदलतोच. खरी गंमत पुढे आहे. जुन्या वाद्यांना 'मीनटोन' नावाची लावणी असते. त्यात पंचम सगळे किंचित उतरवून ठेवायचे, इतके किंचित की बेसूर वाटू नयेत, आणि त्या बदल्यात गंधार अगदी शुद्ध मिळवायचे. पियानोचा गंधार शुद्धापेक्षा 14 सेंट चढा, म्हणजे अर्ध्या स्वराचा सातवा हिस्सा वर. जन्मभर पियानो ऐकलेल्या मुलांना शुद्ध गंधार पहिल्यांदा उतरल्यासारखा वाटतो, दोन-दोन आठवडे लागतात कानाला पटायला. तू आईच्या तानपुऱ्याखाली झोपलेली पोर. खर्जाच्या तारेतून आपोआप निघणारा गंधार तुझ्या कानात आधीच आहे. दोन स्वरांमधला डोल थांबला की स्वर लागला. तुला ते पहिल्या दिवशी ऐकू येईल, बघच तू.

उतरवलेल्या पंचमांची सगळी तफावत शेवटी एका पंचमात जाऊन साचते. तो असा विव्हळतो की ह्या लोकांनी त्याला 'लांडगा' नाव ठेवलंय. त्याला चुकवायला सतराव्या शतकात काही वाद्यांना काळ्या पट्ट्या मधून चिरून दोन केल्या, पुढच्या अर्ध्याला एक स्वर, मागच्या अर्ध्याला त्याच्याहून जरा वेगळा. अशी चिरलेली पट्टी पहिल्यांदा हाताखाली आली तेव्हा मला कोण आठवलं असेल? आपल्या सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल. 1910 साली त्यांनी बावीस श्रुतींवर पुस्तक काढलं. क्लेमंट्स नावाच्या साहेबाबरोबर श्रुतींची पेटी करवून घेतली, अब्दुल करीम खाँसाहेबांचा स्वर प्रमाण धरला. बडोद्याच्या 1916च्या परिषदेत त्यावर वादंग झाला. पेटी काही चालली नाही. पण दुखणं तेच: पट्ट्या मोजक्या, आणि कानाला हवे असलेले स्वर त्याहून जास्त. बासांना हे सांगितलं तर ते सुरी खाली ठेवून ऐकत बसले. पहिल्यांदा त्या खोलीत मला काहीतरी माहीत होतं. तू उगीच दबून राहू नकोस.

एक काम मात्र स्वतःचं म्हणून माग. रविवारी, उरल्या वेळात, टाकाऊ लाकडातून एक क्लॅव्हिकॉर्ड करू द्याल का म्हणून विचार. पेटाऱ्याएवढं चौकोनी वाद्य, जॅक नाहीत, पिसं नाहीत. पट्टीच्या टोकावर पितळेची एक चपटी जीभ असते, ती तारेला टेकते आणि टेकलेलीच राहते. म्हणजे बोटाने दाब कमीजास्त केला की स्वर हलतो. पट्टीच्या वाद्यावर आंदोलन! आणि आवाज इतका नाजूक की भिंतीपलीकडच्या घरमालकिणीला पत्ता लागत नाही. सहा महिन्यांत स्वतःचं काही पुरं झालं तर हेच होईल.

आता रुक्ष गोष्टी. करार लिहून घे. तास किती, भत्ता किती आणि कुठल्या तारखेला, विमा कुणाचा, हत्यारं कुणाची. मी इथे यायच्या आधी दुसऱ्या एका ठिकाणी चार महिने होते. नाव नाही घेत. सगळं तोंडी ठरलेलं होतं. चार महिने मी पॉलिश पेपर घासला, खोकी बांधली, अंगण झाडलं. भत्ता 'पुढच्या महिन्यात' होता, तो पुढचा महिना आलाच नाही. मी बोलले नाही, कारण शिकायला आलेल्याने बोलू नये असं आपल्याकडे असतं. झाडणं वाईट नाही, मी अजूनही झाडते, बासही झाडतात. पण दीड महिन्यात धार लावण्यापलीकडे हातात काही आलं नाही तर मला फोन कर. धार लावणं मात्र दीड महिना चालतं, त्याचा फोन करू नकोस. पटाशीने हातावरचा केस निघाला पाहिजे.

आणि पोटाचं. ह्या धंद्यात नवी वाद्यं करून घर चालवणारे थोडे. माझं घर चालतं ते सूर लावण्यावर. मैफलीच्या आधी दोन तास, मध्यंतरात वीस मिनिटं, लोक कॉफी पीत असताना मी किल्ली घेऊन वाकलेली. हिवाळ्यात घराघरातून हीटर चालू झाले की हवा कोरडी पडते, तबली आकसते, सूर उतरतात, मग फोन वाजायला लागतो. थंडी माझ्या बरकतीची. हे काम मन लावून शीक, तरुण मुलं ह्याला कमी समजतात.

"परत येऊन काय करणार?" हा काकूंचा खरा प्रश्न. त्याचं उत्तर माझ्याकडे अर्धंच आहे. ही वाद्यं आपल्याकडे नवी नाहीत. विल्यम हॅमिल्टन बर्ड नावाच्या माणसाने 1789 साली कलकत्त्यात हिंदुस्थानी चिजा हार्पसिकॉर्डसाठी उतरवून छापल्या होत्या, म्हणजे साहेबांच्या दिवाणखान्यांत ती होतीच. पावसाळ्यात त्यांचं काय होत असेल ते तू मिरजेच्या जुलैत तानपुरा लावून बघ. पण लाकूड वाचणारे, सरस जाणणारे, जवारी ऐकणारे हात कुठल्याही तारेपाशी उपाशी मरत नाहीत असं मला वाटतं. काकूंना एवढंच सांग. आणि मी कधी परत येणार हे त्यांनी विचारलं तर विषय बदल.

नोव्हेंबरात साडेचार-पाचला अंधार पडतो, त्याची तयारी ठेव. पहिल्या वर्षी मी ह्या अंधाराला आजारपण समजले होते. तूरडाळ आणू नकोस, अँटवर्पात हिरेवाल्या गुजराती मंडळींच्या कृपेने सगळं मिळतं. गोडा मसाला आण, माझ्यासाठीही. निसणा तुझ्या आजोबांचाच आण, जाड पंच्यात गुंडाळून. आणि पटाश्या मोठ्या बॅगेत टाक, हातातल्या नाही. मी मुंबईच्या विमानतळावर तीन पटाश्या आणि एक चांगला चाकू सोडून आलेली आहे.

तारीख ठरली की कळव, गाडीवर घ्यायला येईन. फक्त मंगळवार नको. मंगळवारी एका चर्चमध्ये सूर लावायचा असतो आणि तिथला पाद्री गप्पा मारतो.

— तुझी ताई